प्रिंटरचा ड्रायव्हर शोधताना: फोंडा तालुक्यातील बनावट ‘टेक सपोर्ट’ फसवणुकीचे एक प्रकरण

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका गावातले हे प्रकरण आहे. ज्यांच्या बाबतीत घडले ते निवृत्त प्राथमिक शिक्षक, गावच्या देवस्थानचे खजिनदार. त्यांच्या आणि त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे काकींच्या, संमतीने लिहीत आहे; गावाचे, देवस्थानचे आणि बँकेचे नाव मुद्दाम टाळले आहे. गावात त्यांना सगळे मास्तर म्हणतात, म्हणून इथेही मास्तरच. मी शेजारच्या वाड्यावर राहतो आणि वाचनालयात संगणकाचे वर्ग घेतो. त्यामुळे प्रकरण उघडकीला आले त्या दुपारपासून मी त्यात होतो.

मास्तर भोळे नाहीत, हे आधीच सांगतो. देवस्थानचा जमाखर्च ते एक्सेलमध्ये ठेवतात, विजेचे बिल ऑनलाइन भरतात, लॉटरी लागल्याचा मेसेज आला तर छापून वाचनालयाच्या फलकावर लावतात, म्हणजे चार लोक सावध होतील. ‘शिकलेला माणूस असा कसा फसला’ असे गावात दोघा-तिघांनी विचारले, तेव्हा मला राग आला होता. मायक्रोसॉफ्टने २०२१ साली सोळा देशांत केलेल्या पाहणीत भारतातल्या ६९ टक्के लोकांनी वर्षभरात बनावट टेक सपोर्टशी, म्हणजे संगणक बिघडल्याचे भासवून दुरुस्तीच्या नावाखाली लुटणाऱ्या फसवणुकीशी, गाठ पडल्याचे सांगितले आणि ३१ टक्क्यांनी त्यात पैसे गमावले होते. त्यांत तरुण मंडळी भरपूर होती. वयाचा आणि शिक्षणाचा इथे फारसा संबंध नाही. ज्याला त्या क्षणी संगणकाची गरज आहे आणि संगणक अडून बसला आहे, असा कोणीही यात सापडू शकतो.

काय घडले

जत्रा तोंडावर आली होती. महाजनांच्या, म्हणजे देवस्थानच्या सभासदांच्या, सभेसाठी जमाखर्चाचे पत्रक छापायचे होते आणि लॅपटॉप काही केल्या प्रिंटर ओळखेना. मास्तरांनी गूगलवर प्रिंटरच्या कंपनीचे नाव आणि पुढे ‘ड्रायव्हर डाउनलोड’ असे टाकले. ड्रायव्हर म्हणजे संगणकाला प्रिंटर ओळखायला लावणारे सॉफ्टवेअर. सगळ्यांत वर जे आले ते उघडले. ती पैसे भरून लावलेली जाहिरात होती. बारीक अक्षरात तसे लिहिलेलेही असते, पण घाईत तिकडे कोण पाहतो? पान नीटनेटके होते. कंपनीसारखाच लोगो, मॉडेलचा क्रमांक टाकायची चौकट, खाली निळे बटण. क्रमांक टाकला, हिरवी पट्टी सरकत सरकत शेवटाला आली, ‘इन्स्टॉलेशन अयशस्वी’ असे झळकले. ‘पुन्हा प्रयत्न करा’वर क्लिक केले आणि सगळा पडदा निळा झाला.

पडद्यावर एकावर एक खिडक्या होत्या. वर विंडोज डिफेंडर या व्हायरसविरोधी सॉफ्टवेअरचे चिन्ह, मध्ये ट्रोजन नावाचे घातक सॉफ्टवेअर सापडल्याचा इशारा आणि एक लांबलचक एरर कोड, खाली काय काय चोरीला जात आहे त्याची यादी: बँकेचे पासवर्ड, ईमेल, फोटो. प्रत्येक खिडकीत १८००ने सुरू होणारा तोच एक नंबर. स्पीकरमधून बाईच्या आवाजात इंग्रजी सूचना अखंड चालू होती की संगणक बंद करू नका, ताबडतोब फोन करा. माउसचा बाण दिसेना. कोपऱ्यातली फुली दाबली तर काहीच होईना, कारण ती फुली चित्रातली होती.

मास्तरांनी फोन लावला. पलीकडचा माणूस हिंदीत, अतिशय अदबीने बोलत होता. “सर जी, घबराइए मत, आप सही जगह आए हैं।” त्याने मास्तरांना कीबोर्डवरची एस्केपची कळ दाबून धरायला सांगितली. पडदा लगेच मोकळा झाला. तो म्हणाला, मी आमच्या सर्व्हरवरून तात्पुरते अनलॉक केले आहे. मास्तरांचा त्याच्यावर विश्वास बसला तो या क्षणी, असे ते स्वतः सांगतात. आवाज बंद झाला, बाण परत आला, समोरच्याने सांगितले तसेच घडले. वास्तविक ते कुलूप उघडले होते मास्तरांच्याच बोटाने. फोन न करता तीच कळ धरून ठेवली असती तरी पडदा तितकाच मोकळा झाला असता.

पुढचा पाऊण तास त्या माणसाने जे दाखवले ते सगळे खऱ्या विंडोजमधले होते. हे नीट समजून घेण्यासारखे आहे. त्याने ‘ई फॉर एलिफंट’ असे एकेक अक्षर सांगत ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडायला लावला. ही संगणकाच्या बारीकसारीक घडामोडींची नोंदवही असते. एखादी सेवा सुरू व्हायला चार सेकंद उशीर झाला तरी तिथे लाल खूण पडते. अगदी निरोगी संगणकावरही अशा शेकडो खुणा असतात, माझ्या संगणकावरही आहेत. पण आधी ज्याने ती जागा कधी पाहिलेली नाही त्याला लाल गोळ्यांची रांग दाखवून “ये सब इन्फेक्शन है” म्हटले, तर तो काय समजेल? मास्तरांनी ते गोळे मोजायला सुरुवात केली होती.

मग एनीडेस्क हे दूरवरून संगणक चालवू देणारे सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला सांगितले आणि पडद्यावर आलेला आकडा विचारला. एनीडेस्क स्वतः चांगले सॉफ्टवेअर आहे, पुण्यातला मुलगा त्यावरूनच आईबाबांचा लॅपटॉप दुरुस्त करतो. म्हणून मास्तरांना त्यात वावगे वाटले नाही. एकदा आत आल्यावर त्या माणसाने काळी खिडकी उघडून ‘ट्री’ हा आदेश दिला. या आदेशाने संगणकातल्या फोल्डरांची यादी सरसर वर जाते, बाकी काही होत नाही. त्याला ‘स्कॅन’ म्हटले गेले. यादी संपल्यावर शेवटच्या ओळीत ‘नेटवर्क हॅक्ड, बँकिंग अ‍ॅट रिस्क’ अशी अक्षरे उमटली. ती अक्षरे त्या माणसाने स्वतः टाइप केली होती. मास्तर म्हणतात, अक्षरे एकेक करून उमटत होती हे मला दिसत होते, पण त्याचा अर्थ लागला नाही.

यानंतर पैशांची गोष्ट आली. तीन वर्षांच्या संरक्षणाचे ४,९९९ रुपये. पैसे नेटबँकिंगने भरायचे, म्हणजे ‘बँकेचीही तपासणी होईल’. मास्तरांनी त्याच्या डोळ्यांदेखत युजरनेम आणि पासवर्ड टाकला. ओटीपी आला तो वाचून दाखवला. मग पडदा काळा झाला, त्यावर ‘स्कॅनिंग चालू, कृपया हात लावू नका’. दूरवरून संगणक चालवणाऱ्याला समोरच्याचा पडदा असा झाकता येतो. त्या काळ्या पडद्यामागे त्याने नवा लाभार्थी, म्हणजे पैसे ज्याला पाठवायचे ते खाते, जोडला आणि पैसे पाठवायला घेतले. दर थोड्या वेळाने तो ‘व्हेरिफिकेशन कोड’ मागत होता आणि मास्तर मोबाइलवर आलेले सहा आकडे वाचून दाखवत होते.

ते मेसेज मी नंतर पाहिले. एकात नवा लाभार्थी जोडण्यासाठी हा ओटीपी आहे असे साफ लिहिले होते. दुसऱ्यात ४९,५०० रुपयांची रक्कम आणि खात्याचे शेवटचे आकडे होते. दोन्हींत ‘कोणालाही सांगू नका’ होतेच. मास्तरांनी त्यातले फक्त आकडे वाचले. चष्मा कपाळावर, फोन स्पीकरवर, पलीकडून “जल्दी सर, तीस सेकंड में एक्सपायर होगा”. मेसेज पूर्ण वाचायला दहा सेकंद पुरतात, आणि नेमके ते दहा सेकंद मिळू न देणे हेच त्या माणसाचे काम होते.

आणखी एक सूचना त्याने सुरुवातीलाच दिली होती: घरात कोणाला सांगू नका, वायफाय एकच आहे, व्हायरस त्यांच्या मोबाइलमध्ये जाईल. काकी मागच्या पडवीत सुपारी सोलत बसल्या होत्या. मास्तरांनी मधले दार लावून घेतले.

काकींनी काय केले

खाते दोघांच्या नावावर आहे आणि बँकेचे मेसेज दोघांच्याही मोबाइलवर येतात. या व्यवस्थेने मोठे नुकसान वाचवले. ४९,५०० गेल्याचा मेसेज काकींनी पाहिला नव्हता, कारण हात सुपारीत होते. त्यानंतर मात्र तीन लाखांची मुदत ठेव मोडून रक्कम बचत खात्यात जमा झाल्याचा मेसेज आला आणि तो त्यांनी वाचला. ठेव ऑनलाइन मोडता येते हे घरात कोणाला ठाऊकही नव्हते.

त्या तशाच आत आल्या. “अहो, आपली एफडी कोणी मोडली?” मास्तरांनी हातानेच गप्प राहायची खूण केली. फोनवरून आवाज आला, “मैडम को बोलिए बीच में मत आइए।” काकी मला म्हणाल्या, “माझ्या घरात मला कोण गप्प बसवतो, तेवढेच माझ्या डोक्यात आले.” त्यांनी भिंतीवरच्या राउटरची पिन ओढून काढली.

त्यांना दूरनियंत्रण, लाभार्थी, यांतले काही माहीत नव्हते. पण अशा वेळी करायची नेमकी हीच गोष्ट. लॅपटॉपची वायर ओढली असती तर बॅटरीवर तो चालूच राहिला असता. नेट तुटले की पलीकडच्याचा हात सुटतो. ठेवीची रक्कम बचत खात्यात आली होती, पुढे गेली नाही.

यानंतरची पंधरा-वीस मिनिटे मात्र वाया गेली, आणि ती का गेली हे सांगायला हवे. मास्तर काकींवरच चिडले. दुरुस्ती अर्धवट राहिली, आता संगणक कायमचा जाईल, असे त्यांना खरोखर वाटत होते. फोन परत परत येत होता. पहिल्यांदा समजावणीच्या सुरात, नंतर ‘नेट चालू करा नाहीतर पैसे परत येणार नाहीत’ अशा धमकीत. इतका वेळ एकाच आवाजाच्या सांगण्यावरून वागलेल्या माणसाला त्यातून बाहेर यायला वेळ लागतो. त्या वेळी घरच्यांनी ‘तुम्ही फसलात’ हे पटवून देण्याच्या भानगडीत पडू नये. फोन हातातून घ्यावा, बंद करावा आणि बँकेला लावावा. पटणे-बिटणे संध्याकाळी होते. काकींनी तेच केले. मास्तरांचा मोबाइल पदराला बांधल्यासारखा हातात घट्ट धरला आणि नातवाला मला बोलवायला पिटाळले.

पहिला तास

मी पोहोचलो तेव्हा मुलगा पुण्याहून फोनवर होता आणि बँकेचा हेल्पलाइन नंबर गूगलवर शोधत होता. ते मी थांबवले. शोधात वर येणारे बँकांचे नंबरही बनावट असू शकतात, एका फसवणुकीतून निघून लोक दुसऱ्या फसवणुकीत याच वाटेने जातात. खरा नंबर डेबिट कार्डाच्या पाठीवर छापलेला असतो. तो लावून नेटबँकिंग, यूपीआय आणि कार्ड बंद करून घेतले, तक्रार क्रमांक लिहून घेतला आणि त्याच्यापुढे वेळही लिहिली. वेळ लिहिण्याला कारण आहे, ते पुढे येईल.

मग १९३०. हा सायबर आर्थिक फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे, केंद्रीय गृहमंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राच्या यंत्रणेतला. २०२१ मध्ये ही व्यवस्था सुरू झाली तेव्हा नंबर १५५२६० होता, तो जुन्या कागदांवर अजून सापडतो. १९३०वर तक्रार नोंदली की पैसे ज्या बँकेत गेले तिच्यापर्यंत ती त्याच यंत्रणेतून पोहोचते आणि तिथे जे शिल्लक असेल ते गोठवता येते. पैसे पुढच्या खात्यात गेले असतील तर माग तिथपर्यंत काढला जातो. चोर हे जाणतात, म्हणून पैसे एका खात्यात थांबू देत नाहीत, तुकडे करून पसरवतात, एटीएममधून काढतात. म्हणूनच इथे मिनिटांना किंमत आहे.

फोन लागेपर्यंत आम्ही एका वहीच्या पानावर सगळे लिहून ठेवले: खाते क्रमांक, बँक आणि शाखा, प्रत्येक व्यवहाराची रक्कम, वेळ, मेसेजमधला बारा आकडी संदर्भ क्रमांक, ज्या नंबरावर फोन केला तो नंबर. पलीकडचा कर्मचारी एकेक विचारत गेला आणि काकी वाचून दाखवत गेल्या. हे पान तयार नसते तर मेसेज उघडण्या-शोधण्यातच वेळ गेला असता. शेवटी पोचक्रमांकाचा मेसेज आला. त्याच संध्याकाळी सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर पूर्ण तक्रार भरली, मेसेजचे स्क्रीनशॉट जोडले. दुसऱ्या दिवशी मास्तर मुलाबरोबर रायबंदरच्या सायबर क्राइम पोलीस स्थानकात गेले. एवढ्या लांब जायला नको असेल तर जवळच्या पोलीस स्थानकातही तक्रार देता येते. कायद्याने हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६डी खालचा गुन्हा आहे, म्हणजे संगणकाच्या साधनाने तोतयेगिरी करून फसवणूक, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. जोडीला भारतीय न्याय संहितेतले फसवणुकीचे कलम ३१८ आहे.

लॅपटॉपला मी त्या दिवशी हात लावला नाही, नुसता नेटपासून तोडून ठेवला. पुष्कळ लोक घाबरून लगेच फॉरमॅट मारतात आणि पुरावा घालवून बसतात. एनीडेस्क आपल्या फायलींत कोणत्या आकड्यावरून कोण आत आले याची नोंद ठेवते, ब्राउझरच्या इतिहासात त्या बनावट पानाचा पत्ता असतो. हे दोन्ही आधी पेनड्राइव्हवर उतरवून घेतले. पासवर्ड बदलले ते काकींच्या मोबाइलवरून, पहिल्यांदा ईमेलचा, कारण बाकीचे पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात. मास्तरांच्या मोबाइलमध्ये त्या माणसाने काही उतरवायला सांगितले होते का, तेही पाहिले. नव्हते. काही प्रकरणांत मोबाइलवरही तसलेच सॉफ्टवेअर घालतात आणि मग ओटीपी विचारावाही लागत नाही. पोलिसांनी हरकत नाही म्हटल्यावर जमाखर्चाच्या फायली काढून घेऊन विंडोज नव्याने टाकले. नुसते एनीडेस्क काढून टाकणे पुरेसे आहे असे मी मानत नाही. आत आलेल्याने आणखी काय ठेवले असेल याची खात्री देता येत नाही.

पैशांचे पुढे काय झाले

एकूण ५४,४९९ रुपये गेले. त्यातले ३१,००० पलीकडच्या बँकेत गोठवले गेले, बाकीचे तोवर काढले गेले होते. गोठलेली रक्कम आपोआप खात्यात येत नाही. मास्तरांच्या बाबतीत त्यासाठी पोलिसांचा अहवाल आणि न्यायालयाचा आदेश मागितला गेला. मास्तरांनी अर्ज दिला आहे, आदेश यायचा आहे. मोडलेली ठेव पुन्हा ठेवली, पण जुन्या व्याजावर नव्हे.

उरलेल्या पैशांसाठी बँकेकडे लेखी दावा केला. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातला नियम तेव्हा असा होता. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच ठिकाणची, आणि ग्राहकाने बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले, तर ग्राहकावर काहीच भार येत नाही. चार ते सात दिवस लागले तर मर्यादित भार येतो. पण ग्राहकाने स्वतः पासवर्ड किंवा ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचेच. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणून पहिल्या फोनची वेळ लिहून ठेवायची. मास्तरांच्या बाबतीत बँकेने ओटीपीवर बोट ठेवून दावा नाकारला. नियमाच्या अक्षराप्रमाणे ते बसते, हे मला मान्य आहे. पण पंच्याहत्तरीकडे झुकलेल्या ग्राहकाच्या खात्यावर एकाच तासात नवा लाभार्थी जोडला जातो, त्याला मोठी रक्कम जाते आणि लगोलग ठेव मोडली जाते, तरी कुठेही कोणी ‘जरा थांबा’ म्हणत नाही, हेही मला पटत नाही. काकी आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचे म्हणत आहेत. मी अर्ज लिहून देणार आहे.

सुमारे महिन्याभराने आणखी एक फोन आला. “सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम सुटली आहे, प्रक्रिया शुल्क भरा.” या वेळी मराठीत. फसलेल्या लोकांच्या याद्या विकल्या जातात आणि दुसरी टोळी त्याच माणसाकडे परत येते. पैसे सोडवायला पोलीस शुल्क मागत नाहीत. हा फोन काकींनी घेतला होता.

तो पडदा ओळखायचा कसा

या प्रकरणात मला जे सांगायचे आहे ते पडद्यापेक्षा फोनबद्दल आहे. निळा पडदा हे एक साधे वेबपान असते. त्याने संगणकात काही शिरत नाही, काही चोरीला जात नाही. ब्राउझर कोणत्याही पानाला आपणहून पूर्ण पडदा व्यापू देत नाही, त्याला वापरणाऱ्याचा एक तरी क्लिक लागतो. मास्तरांनी ‘पुन्हा प्रयत्न करा’वर केलेला क्लिक त्यासाठीच मागितला होता. मग पान पत्त्याची पट्टी लपवते, माउसचा बाण अदृश्य करते, आवाज लावते. गळाला लावलेले हे आमिष, दोरी फोनच्या नंबरात असते. नंबर लावला नाही तर त्या टोळीला तुमच्या संगणकाबद्दल काडीची माहिती नसते.

म्हणून ओळखण्याची खूण एकच पुरे: इशाऱ्याच्या पडद्यावर फोन नंबर आहे का? असेल तर तो बनावट. मायक्रोसॉफ्टने स्वतः सांगितले आहे की त्यांच्या खऱ्या इशाऱ्यांत आणि एरर मेसेजमध्ये कधीही फोन नंबर नसतो, आणि ते आपणहून कोणाला फोन करत नाहीत. स्पेलिंगच्या चुका शोधा, लोगो निरखून पाहा, असले सल्ले मी वर्गात देणे बंद केले आहे. आजकालच्या बनावट पानांत चुका नसतात, आणि घाबरलेला माणूस लोगो निरखत बसत नाही.

पडद्यातून सुटायला एस्केप दाबून धरायची, टिचकी मारून सोडायची नाही. मग टॅब बंद. नाहीच जमले तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडायचा, यादीतले क्रोम किंवा एज निवडून ‘एंड टास्क’ करायचे. तेही नाही तर पॉवरचे बटण दाबून धरून संगणक सरळ बंद करायचा. ‘बंद करू नका’ असे पडदा ओरडत असतो, तरीही करायचा. न जतन केलेले काम जाईल, बाकी काही बिघडत नाही. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर तो आधीची पाने परत उघडू का विचारतो, तिथे नाही म्हणायचे, नाहीतर तेच पान परत येते. कोपऱ्यात तसल्याच सूचना येत राहिल्या तर कधीतरी एखाद्या पानाला ‘अलाउ’ म्हटलेले असते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची यादी उघडून अनोळखी पत्ते काढून टाकायचे.

प्रिंटरचा ड्रायव्हर हवा असेल तर डब्यावर छापलेला कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करावा. मास्तरांच्या प्रिंटरला तर त्याचीही गरज नव्हती. विंडोज अपडेटमधून ड्रायव्हर आपोआप आला आणि जमाखर्चाचे पत्रक सभेच्या आदल्या रात्री छापून झाले.

हे सगळे आपल्याच देशातल्या खुर्च्यांवरून चालते, याची मला फार खंत वाटते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’ मध्ये देशभर ७६ ठिकाणी छापे घातले, त्यांत मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींवरून पकडलेली बनावट टेक सपोर्टची कॉल सेंटरे होती. अमेरिकी नागरिकांना लुटणारी अशी कॉल सेंटरे गोवा पोलिसांनीही इथे पकडली आहेत. एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेकडे २०२३ या एका वर्षात टेक सपोर्टच्या फसवणुकीत गेलेल्या ९० कोटी डॉलरहून अधिक रकमेच्या तक्रारी आल्या. तिकडच्या म्हाताऱ्यांवर घासूनपुसून तयार झालेली भाषा आणि युक्त्या आता हिंदीत आणि मराठीत इकडच्या म्हाताऱ्यांवर चालवल्या जात आहेत. नोकरी म्हणून तिथे बसणाऱ्या पोरांत आपल्या गावातले कोणी असू नये, एवढे पालकांनी तरी पाहावे. भरती ‘इंटरनॅशनल बीपीओ’ म्हणून होते, कामाची वेळ रात्रीची असते.

वाचनालयातला सराव

मास्तरांच्याच सूचनेवरून आम्ही वाचनालयात एक सराव सुरू केला. मी एक निरुपद्रवी पान तयार केले: क्लिक केले की पूर्ण पडदा निळा, मोठा आवाज, खोटी फुली, खोटा नंबर. ते एकेकाला समोर बसवून उघडायचे आणि बाहेर पडायला लावायचे. नुसते सांगून ऐकलेले त्या आवाजात आठवत नाही, बोटाला सवय लागावी लागते. पहिल्या खेपेला बहुतेकांनी चित्रातल्या फुलीवरच क्लिक केले. एका ताईंनी आवाजाने दचकून खुर्ची मागे ढकलली. दुसऱ्या खेपेला त्यांचा हात सरळ एस्केपवर गेला.

ओटीपीचाही सराव घेतो. मास्तर स्वतः तो भाग घेतात. नमुन्याचा मेसेज मोबाइलवर पाठवायचा आणि आकडे सोडून बाकीचे मोठ्याने वाचायला लावायचे: कशासाठी, किती रुपये, कोणाला. मास्तर मागून “जल्दी, जल्दी” म्हणत राहतात. देवस्थानच्या खात्यावर आता दोघांच्या मंजुरीशिवाय पैसे जात नाहीत, तो ठराव सभेने एकमताने केला. घरच्या ठेवी ऑनलाइन मोडण्याची सोय मास्तरांनी शाखेत जाऊन लेखी अर्ज देऊन बंद करून घेतली.

सरावात एक अडचण आली. काही लॅपटॉपांवर वरच्या रांगेतल्या कळा एफएन या कळीबरोबर दाबाव्या लागतात, त्यामुळे खिडकी बंद करणारे ऑल्ट-एफ४ सगळ्यांना जमेना. म्हणून ते शिकवणे सोडून एस्केप आणि टास्क मॅनेजर एवढ्या दोनच गोष्टी ठेवल्या. एका महाजनांच्या मुलीकडे मॅक आहे, तिथे ऑप्शन, कमांड आणि एस्केप एकत्र दाबून ब्राउझर बंद करावा लागतो. फलकावरच्या कागदात तेवढी ओळ वाढवली आहे. त्याच्या खाली १९३० आणि ‘बँकेचा नंबर कार्डाच्या मागे’ एवढेच आहे. ज्यांना हवा त्यांनी वाचनालयातून कागद न्यावा, छापायला मास्तरांचा प्रिंटर आहे.